१३ वर्षं रुग्णांसोबत काढल्यावर न्यूरोसायकिॲट्री शिकायची असेल तर

प्रश्न विचारणाऱ्या ताई सोलापूरच्या आहेत. १३ वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करतात, म्हणजे आजारानंतर किंवा अपघातानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवतात. वय ३८, बहुतेक रुग्ण लकव्याचे आणि अपघातात डोक्याला मार लागलेले. त्यांनी लिहिलंय: "लकवा झालेले एक काका आईच्या तेराव्याला सगळ्यांसमोर हसत सुटले. घरचे संतापले. मी न्यूरोलॉजिस्टना विचारलं, ते म्हणाले सायकिॲट्रिस्टना दाखवा. सायकिॲट्रिस्ट म्हणाले हे मेंदूचं आहे, न्यूरोकडे न्या. तेव्हापासून वाटतंय की हे मधलं शास्त्र, न्यूरोसायकिॲट्री, आपणच शिकावं. ब्रिटनमधल्या विद्यापीठात क्लिनिकल न्यूरोसायकिॲट्रीची एमएस्सी अनुभवी आरोग्य व्यावसायिकांसाठी आहे असं दिसलं. मी एमबीबीएस नाही. घेऊ का? त्यानंतर मला स्वतंत्र प्रॅक्टिस करता येईल का? की आधी एम.ए. सायकॉलॉजी करू?"

ताई, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. मी पुण्यात मानसोपचारतज्ज्ञ आहे. एम.डी. इथे केलं, मग काही वर्षं ब्रिटनमध्ये न्यूरोसायकिॲट्रीच्या विभागात नोकरी केली आणि नोकरी सांभाळून तिथला असा एक अभ्यासक्रमही केला. माझ्या वर्गात डॉक्टर होते तशा नर्सेस होत्या, मानसशास्त्रज्ञ होते, दोन ऑक्युपेशनल थेरपिस्टही होत्या. त्यामुळे हे उत्तर ऐकीव नाही.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत आणि तिघांची उत्तरं वेगवेगळी आहेत. पहिला, मला हे समजेल का आणि कामाला येईल का? येईल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दुसरा, या पदवीने कायद्याच्या दृष्टीने माझं स्थान बदलेल का? भारतात बदलणार नाही. तिसरा तुम्ही स्पष्ट लिहिला नाहीत, पण प्रत्येक ओळीत तोच आहे: मी पाहिलेलं डॉक्टर ऐकून घेतील का? मला वाटतं खरी खंत ती आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

परत आल्यानंतरच्या पहिल्या वर्षातली एक मुलगी मी विसरू शकत नाही. १९ वर्षांची, कॉलेजात जाणारी. आठवडाभर झोप नाही, रात्रभर अभंग म्हणायची, मध्येच कुणी नसताना कुणाशी तरी भांडायची. घरच्यांनी आधी देवरुषाकडे नेलं. मग एका रुग्णालयात मानसिक आजाराचं निदान होऊन हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध सुरू झालं, आणि ती लाकडासारखी ताठ झाली. ताप चढला. एमआरआय नॉर्मल. आमच्याकडे आली तेव्हा सगळ्यांचं लक्ष ताप आणि ताठरपणावर. रात्रपाळीच्या सिस्टरने सकाळी मला गाठलं आणि म्हणाली, "मॅडम, हिचं तोंड बघा ना जरा. काही खात नाहीये, पण रात्रभर चघळतेय. झोपेतसुद्धा." मी जाऊन बसले. ओठांची, जबड्याची, जिभेची ती सततची हालचाल नुसत्या मानसिक आजारात होत नाही, आणि तिला तेव्हापर्यंत मिळालेल्या औषधानेही तिचा नीट उलगडा होत नव्हता. पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं. एनएमडीए रिसेप्टरच्या विरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या, म्हणजे तिची प्रतिकारशक्तीच तिच्या मेंदूवर उलटली होती. सोनोग्राफीत अंडाशयात टेराटोमाची गाठ निघाली. गाठ काढली, स्टिरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन दिलं. पुढच्या काही महिन्यांत ती हळूहळू परत आली.

हा आजार अँटिबॉडीसह पहिल्यांदा नीट मांडला गेला २००७ साली, डॉ. जोसेप डाल्मॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्याआधी अशा किती मुली 'वेड लागलं' या शिक्क्याखाली गेल्या असतील, याचा विचार करवत नाही. त्या सिस्टरकडे न्यूरोसायकिॲट्रीची पदवी नव्हती. पण तिने पाहिलं, आणि डॉक्टरला सांगण्याजोग्या शब्दांत सांगितलं. चांगला अभ्यासक्रम याहून वेगळं काही शिकवत नाही. जे तुमच्या डोळ्यांना १३ वर्षं दिसतंय त्याला नाव द्यायचं, ते मेंदूच्या कोणत्या भागाशी आणि रुग्णाच्या कोणत्या परिस्थितीशी जोडायचं, आणि समोरच्याला टाळता येणार नाही इतक्या नेमकेपणाने मांडायचं. तुमचा अनुभव हेच तुमचं भांडवल आहे. विशीतल्या मुलाला या अभ्यासक्रमातून मिळणार नाही इतकं तुम्हाला मिळेल, कारण प्रत्येक व्याख्यानात तुम्हाला तुमचा एखादा रुग्ण आठवेल.

आता तिथे काय असतं ते सांगते. बर्मिंगहॅम विद्यापीठाचा अभ्यासक्रम या विषयात जुना आणि परिचित आहे, बहुधा तुम्ही पाहिलेला तोच. अशा अभ्यासक्रमात अपस्मार आणि त्यासोबतचे मानसिक त्रास, पार्किन्सन्स, हंटिंग्टन, टूरेट यांसारखे हालचालींचे आजार, डोक्याला मार लागल्यानंतरचे स्वभावातले बदल, स्मृतिभ्रंश, फंक्शनल न्यूरोलॉजिकल आजार (मेंदू-नसांना इजा नसताना हालचाल किंवा संवेदना बिघडणं) आणि संशोधनपद्धती असे विषय असतात. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षण क्रेडिटमध्ये मोजतात. ६० क्रेडिटचं पीजी सर्टिफिकेट, १२० चा डिप्लोमा, १८० ची एमएस्सी. एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तास. म्हणजे नुसत्या सर्टिफिकेटलाही ६०० तास. नोकरी आणि घर सांभाळून तुम्ही आठवड्याला १२ तास काढलेत तर ५० आठवडे. हा हिशेब कागदावर मांडा आणि घरच्यांसमोर ठेवा. मी तो मांडला नव्हता, आणि पहिलं वर्ष माझ्या नवऱ्याला आणि लेकीला फार जड गेलं.

वाचन जमतं. लिहिणं अवघड जातं, आणि ते इंग्रजीमुळे नव्हे. माझा पहिला केस रिपोर्ट परत आला होता. मी रुग्णाचं सगळं वर्णन केलं होतं, तपासण्या लिहिल्या होत्या, निदानही बरोबर होतं. परीक्षकांनी शेरा मारला होता की हे या माणसाला, याच वेळी, याच रूपात का झालं ते कुठेच नाही. आपल्याकडे आपण निदानाचं नाव लिहिलं की थांबतो. तिथे नावानंतर काम सुरू होतं. मेंदूत काय बिघडलंय, त्यावर स्वभावाचा, घराचा, औषधांचा काय थर चढलाय, आणि यातलं आज काय बदलता येईल, हे एका पानात सुसंगत लिहायचं. ऑक्युपेशनल थेरपिस्टला हे डॉक्टरपेक्षा लवकर जमतं असं मी पाहिलंय, कारण तुम्ही पहिल्यापासून 'हा माणूस सकाळी उठून काय करू शकतो' या प्रश्नापासून सुरू करता.

तुमच्या हातात हे शास्त्र कसं उतरेल याचं एक उदाहरण देते, फंक्शनल आजाराचं. विडी वळणारी एक बाई, ३२ वर्षांची, डावा पाय 'गेला' म्हणून आली. दोन ठिकाणी सांगितलं होतं की रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही नाही, मनाचं आहे. नवरा म्हणत होता नाटक आहे. मी तिला पाठीवर झोपवलं. डाव्या टाचेखाली हात ठेवला आणि म्हटलं, टाच खाली दाबा. दाब जवळजवळ नाहीच. मग हात तिथेच ठेवून म्हटलं, आता उजवा पाय वर उचला, आणि उजव्या पायाला वरून अडवलं. उजवा उचलण्याच्या भरात डावी टाच माझ्या हातावर अशी दाबली गेली की हात काढता येईना. याला हूव्हरचं लक्षण म्हणतात, १९०८ पासून माहीत आहे.

पूर्वी हे लक्षण रुग्णाला 'पकडण्यासाठी' वापरायचे. आता ते रुग्णाला दाखवतात. एडिंबराचे न्यूरोलॉजिस्ट जॉन स्टोन यांनी ही पद्धत जगभर रुजवली. मी तिचाच हात टाचेखाली ठेवायला लावला आणि पुन्हा केलं. म्हटलं, "बघा, पायात ताकद शाबूत आहे. नस तुटलेली नाही. तुम्ही पायाकडे लक्ष देऊन हुकूम सोडता तेव्हा तो मध्येच अडतो, आणि लक्ष दुसरीकडे गेलं की पोचतो. हे तुम्ही मुद्दाम करत नाही. आणि वाट पुन्हा मोकळी करता येते." ती रडायला लागली. दोन महिन्यांत 'तुझं खरं आहे' असं म्हणणारं पहिलं माणूस तिला भेटलं होतं. पुढचं काम मात्र मी केलं नाही, आमच्या थेरपिस्टने केलं. ओट्यापाशी उभं राहून, भांडी घासता घासता, गप्पा मारत, पायावरचं लक्ष काढत. या आजारात औषधाचा वाटा फार थोडा असतो. समजावणं आणि हालचाल पुन्हा शिकवणं हाच उपचार, आणि तो तुमच्या हातातला आहे. महाराष्ट्रात हे नीट करणारे लोक फार कमी आहेत. तुम्ही एवढं एकच शिकून आलात तरी सोलापूर, धाराशिव, लातूरच्या रुग्णांना पुण्या-मुंबईच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत.

आता कायद्याचं बोलू, कारण इथे लोकांचे पैसे बुडालेले मी पाहिलेत. आपल्याकडे गावोगावी पाट्यांवर 'न्यूरोसायकिॲट्रिस्ट' लिहिलेलं असतं. ते जवळजवळ सगळे एम.डी. किंवा डी.एन.बी. मानसोपचारतज्ज्ञ असतात. 'मनाचा डॉक्टर' म्हटलं की लोक बिचकतात, 'मेंदूचा' म्हटलं की येतात, म्हणून तो शब्द रूढ झाला. तुमच्या एमएस्सीनंतर तुम्हाला तो शब्द वापरता येणार नाही, औषध लिहिता येणार नाही आणि निदानाचा दाखलाही देता येणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोण याची व्याख्या आहे. त्यात मानसोपचारतज्ज्ञ, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकिॲट्रिक सोशल वर्कर, मेंटल हेल्थ नर्स आणि आयुष शाखांतले त्या विषयाचे पदव्युत्तर येतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्यात नाहीत. मला हे चुकीचं वाटतं, पण आज कायदा असा आहे.

तरी तुमचं स्वतःचं पायाखालचं स्थान भक्कम आहे. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी यांची मिळून राज्य परिषद आहे, आणि २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने देशपातळीवरही तुमचा व्यवसाय मान्य केलाय. या नोंदणीवर तुम्ही आजही थेरपी देता, उद्याही द्याल. एमएस्सीने त्या थेरपीची खोली वाढेल, परवाना तोच राहील. आणि तुमच्या व्यवसायाची मुळं इथलीच आहेत हे विसरू नका. भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये कमला निंबकरांनी उभं केलं. जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. ब्रिटनमधून येणाऱ्या कागदापुढे आपली पदवी कमी समजायचं कारण नाही.

एम.ए. सायकॉलॉजीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, करू नका. नुसत्या एम.ए.ने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेलं पुढचं शिक्षण लागतं. ते पूर्वी दोन वर्षांचं एम.फिल. होतं. यूजीसीने एम.फिल. बंद करायचं ठरवलं तेव्हा क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिॲट्रिक सोशल वर्कला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली, आणि आता तिथली रचनाच बदलतेय. म्हणजे कमीत कमी चार वर्षं घालवून तुम्ही एका नव्या व्यवसायात नवख्या व्हाल. मानसशास्त्रीय चाचण्या घेणं हेच तुमचं स्वप्न असतं तर वेगळं. तुमच्या पत्रात तसं कुठे दिसत नाही.

मग काय करावं? हे बरंचसं तुमच्या घरच्या आणि पैशाच्या परिस्थितीवर आहे, ती मला माहीत नाही. ब्रिटनमध्ये जाऊन पूर्णवेळ एमएस्सी करायची तर परदेशी विद्यार्थ्यांची फी आणि राहण्याचा खर्च मिळून आकडा सहज तीस लाखांच्या पुढे जातो. तिथले अर्धवेळ अभ्यासक्रम खरं म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी आखलेले असतात. नोकरी सोडायची नाही, महिन्यातून काही दिवस वर्गात बसायचं, अनेकदा फीचा भार मालक उचलतो. सोलापुरात बसून त्यांना हजेरी लावता येत नाही. घर गहाण टाकून, कर्ज काढून तुम्ही जावं असं मी म्हणणार नाही. इथे परत येऊन त्या पदवीने तुमचा पगार त्या प्रमाणात वाढत नाही. ब्रिटनमध्येच स्थायिक होऊन काम करायचं असेल तर गणित बदलतं, पण तिथेही आधी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून एचसीपीसीची, म्हणजे तिथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या परिषदेची, नोंदणी लागेल. ती आधी मिळवा, नोकरी मिळवा, आणि शिक्षण मालकाच्या पाठबळाने करा. माझ्या वर्गातल्या त्या दोघींनी असंच केलं होतं.

इथेच राहणार असाल तर मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. तुमच्याकडे एम.ओ.टी. (ऑक्युपेशनल थेरपीतली पदव्युत्तर पदवी) नसेल तर न्यूरोसायन्स विषयातली एम.ओ.टी. हा पहिला विचार. ती तुमच्या परिषदेला मान्य असते, शिकवायची दारं त्याने उघडतात. असेल, तर बंगळूरच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत, बाहेरच्या व्यावसायिकांसाठी अल्पकालीन प्रशिक्षण असतं, त्यासाठी अर्ज करा. एकाच आवारात न्यूरोलॉजी, न्यूरोसर्जरी आणि मानसोपचार पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदतायत, असं ठिकाण देशात दुसरं क्वचितच मिळेल. तुमच्या काकांना जसं इकडून तिकडे टोलवलं, तसे रुग्ण तिथे एका छताखाली पाहिले जातात. ते महिनाभर नुसतं बघणंही वर्षभराच्या वाचनाच्या तोडीचं आहे. निम्हान्स डिजिटल अकॅडमीचे ऑनलाइन वर्गही असतात. ऑनलाइन परदेशी पदव्यांमध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजची मानसिक आरोग्याचं मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान यावरची एमएस्सी चांगली आहे, पण ती पायाभूत ज्ञानाची आहे. रुग्ण कसा तपासायचा हे पडद्यावरून येत नाही.

कुठलाही अभ्यासक्रम निवडा, पण पैसे भरण्याआधी त्यांना ईमेलने विचारा: मला प्रत्यक्ष रुग्ण किती आणि कुणाच्या देखरेखीखाली दिसतील? माझी तपासणी कुणी शेजारी उभं राहून पाहील का? माझ्यासारख्या डॉक्टर नसलेल्या विद्यार्थ्यांनी मागच्या वर्षी प्रबंध कशावर केले? पहिल्या दोन प्रश्नांना गोलमोल उत्तर आलं तर तो वाचनाचा अभ्यासक्रम आहे असं समजा. तो वाईट नसतो, पण तीस लाखांचा नक्कीच नसतो. परदेशी पदवीची भारतातली समकक्षताही प्रवेशाआधीच लेखी विचारून घ्या, नियम बदलत राहतात.

आणि एक गोष्ट जिला फी नाही. तुमच्या गावातले एक न्यूरोलॉजिस्ट आणि एक मानसोपचारतज्ज्ञ यांना महिन्यातून एकदा तासभर एका टेबलाशी बसवा. तीन रुग्ण, तुम्ही मांडायचे. पुण्यात मी हे सुरू केलं तेव्हा पहिल्या बैठकीला मी आणि आमची थेरपिस्ट दोघीच होतो. आता खुर्च्या कमी पडतात.

पहिल्या बैठकीत तुमचे ते काका मांडा. त्यांना जे होतंय ते बहुधा स्यूडोबल्बर अफेक्ट आहे. हसण्या-रडण्याची क्रिया घडवणारी केंद्रं मेंदूच्या बुंध्याजवळ असतात, आणि वरच्या मेंदूकडून त्यांना लगाम असतो. लकव्यात तो लगाम तुटला की क्षुल्लक कारणाने, कधी उलट्याच प्रसंगी, हसू किंवा रडू फुटतं, आणि माणूस आतून तसा नसतो. तेराव्याला हसताना ते आतून आईसाठी रडत असण्याची दाट शक्यता आहे. ते घरच्यांना आजच सांगा, हसणं त्यांच्या हातात नाही एवढं तरी. डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे वहीत लिहा: दर वेळी आधी काय घडलं, किती सेकंद किंवा मिनिटं टिकलं, आणि ओसरल्यावर "आत काय वाटत होतं?" या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर दिलं. झोप, भूक आणि एरवीचं मन कसं आहे तेही, कारण लकव्यानंतरचं नैराश्य सोबत असू शकतं आणि त्याचे उपचार वेगळे ठरतात. त्यांची आणि घरच्यांची परवानगी असेल तर एक व्हिडिओ काढा. नैराश्यावर वापरतात त्या गटातलं औषध कमी मात्रेत दिलं की हे बऱ्याच रुग्णांत आटोक्यात येतं, पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम. वही आणि व्हिडिओ घेऊन दोघांपैकी कुणाकडेही जा, आणि काय म्हणाले ते इथे कळवा.